चातीचा वेग

भाद्रपदातल्या ज्या दहा दिवसांत लालबागच्या रहिवाशाला स्वतःच्या चाळीच्या जिन्यापर्यंत पोहोचण्यासाठी रांगेतल्या परगावच्या भाविकांची मनधरणी करावी लागते, त्या दहा दिवसांपैकी निदान पाच दिवस माझ्या मामांनी गिरगावात आमच्याकडे येऊन राहावे, हा आमच्या घराण्यातला जुना शिरस्ता आहे. आणि सार्वजनिक गणपती गिरगावातही काही थोडे नाहीत, केशवजी नाईकांच्या चाळीतला तर १८९३ पासूनचा आहे, असे मी दरवर्षी त्यांच्या निदर्शनास आणतो, तेव्हा "तुमच्या गणपतीला माणसे भेटायला जातात रे, आमच्याकडे दर्शनाला येतात," एवढेच बोलून ते आपली पिशवी खुंटीला अडकवतात. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मामा लालबागच्या एका गिरणीत त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात फिटर होते. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी कोणी जाहीर केले नाही, आणि मामाही मनाने त्या खात्यातून कधी बाहेर पडले नाहीत.

यंदा ते आले तेव्हा माझ्या घरात सुतकाची कळा होती. एका दिवाळी अंकाची दीडशे पाने लावण्याचे काम मी अंगावर घेतले होते, आणि ज्या संगणकावर ते करायचे तो, पाने छापखान्यासाठी बाहेर काढण्याच्या नेमक्या क्षणी, निळा पडदा दाखवून मान टाकत होता. त्या निळ्या पडद्याच्या मुळाशी माझाच पुतण्या होता. तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात नोकरीला आहे. महापालिकेच्या दप्तरी त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव असले, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांना लोकांच्या जिभेवरून बरखास्त करणे अद्याप कोणाला साधलेले नाही. मिनर्व्हा आणि नाझ या चित्रगृहांच्या त्या रस्त्यावर एके काळी रेडिओचे सुटे भाग मिळत, आता संगणकाचे मिळतात. आणि तिथल्या गल्ल्यांमागे बसून पोरे जी विद्या शिकतात, तिची बरोबरी भल्या भल्या पदविकांना करता यायची नाही, असे माझे मत त्या दिवसापर्यंत होते.

"काय झाले ते प्रथम बयाजवार सांग," मामा त्याला म्हणाले.

पुतण्याने संगणकातली घटनांची नोंदवही उघडून दाखवली. "आजोबा, ही पाहा. प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर, क्रमांक ४१."

"याचा अर्थ?"

"संगणक रीतसर बंद न होता मध्येच पडला, एवढाच."

"म्हणजे मयत मयत अवस्थेत आढळला, असा हा पंचनामा आहे. मारेकऱ्याचे नाव त्यात नाही."

"नाही. निळ्या पडद्यावरचा मजकूरही दर वेळी निराळा आहे. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आणखी काही. एकाच प्रोग्रॅमचा दोष असता तर जबानी इतकी फिरली नसती. जबानी फिरते तेव्हा आम्ही दुकानात आधी रॅमवर संशय घेतो, मग एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर."

"संशय मागाहून घे. गेल्या रविवारपर्यंत हे यंत्र चालत होते ना? मग रविवारी तू काय बदललेस?"

आणि तेव्हा ती कबुली बाहेर आली. काकांचे काम जलद व्हावे या सद्हेतूने त्याने एका दुपारी चार गोष्टी केल्या होत्या: रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या पूर्वीच होत्या त्यांच्या शेजारी सोळा-सोळाच्या दोन नव्या बसवल्या, ग्राफिक्स कार्ड बदलले, मदरबोर्डचा बायॉस, म्हणजे संगणक जागा होताना सर्वांत आधी जो मूळ कारभारी उठतो तो, नव्या आवृत्तीचा भरला, आणि त्या बायॉसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी, म्हणजे तिला चढ्या वेगाने पळवण्याची सोय, सुरू केला. बायॉस भरताना यूपीएस होता का, या मामांच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही, आणि त्या मौनावरच मामांचे पहिले व्याख्यान झाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुंबईची वीज एकाएकी गेली होती आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. त्या क्षणी ज्याचा बायॉस अर्धा पुसून अर्धा लिहिला गेला असेल त्याने काय करावे, असा त्यांचा सवाल होता. हल्लीच्या कित्येक मदरबोर्डांवर पेन ड्राइव्हमधून बायॉस पुन्हा भरण्याची सोय मागल्या बाजूस असते, असा खुलासा पुतण्याने केला. ज्याच्या बोर्डावर ती सोय नाही त्याला हा खुलासा कळव, असे म्हणून मामांनी तो विषय संपवला.

"चार साक्षीदार एकदम पिंजऱ्यात उभे केलेस," ते पुढे म्हणाले. "आता कोण खोटे बोलतो हे न्यायाधीशाने कसे ओळखावे? खात्यात आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, सांगे, एका पाळीत एकच पेच फिरवायचा, आणि तो किती आटे फिरवला ते वहीत लिहायचे. धागा तुटायला लागला तर तेवढेच आटे उलटे."

"आजोबा, तुमच्याकडे पाळी आठ तासांची होती, आमच्याकडे गिऱ्हाईक स्टुलावर बसून असते. आमची रीत निराळी आहे. दुकानात चालत्या वस्तूंचा एक संच बाजूला ठेवलेला असतो. संशयित भाग काढायचा, त्या जागी खात्रीचा चालता भाग घालायचा, आणि पाहायचे. चार संशयित असोत की चौदा, तासाभरात निकाल लागतो. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसून त्या पुन्हा नीट बसवल्या की निम्मे रोगी तर तिथेच बरे होतात."

"आणि नीट बसवल्याने बरे झाले की पुसल्याने, हे तुला कळते का?"

"कळायची गरजच काय? यंत्र चालू झाले."

त्या एका वाक्यात दोघांच्या मतभेदाचे मूळ आहे, असे मला त्या वेळी वाटले. पुढे दोघांनीही आपापल्या जागा सोडल्या तेव्हा ते तितके खरे नव्हते हे ध्यानात आले. खोडरबराविषयी मात्र माझे मत मामांच्या बाजूचे झाले आहे. त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, रबराचा कण खाचेत राहतो, आणि खोडरबराऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा वापरला तर गिरगावच्या खाऱ्या हवेचा थर अधिक निर्वेधपणे निघतो. असो.

घरात चालत्या वस्तूंचा संच नसल्यामुळे पहिल्या दिवशी मामांची रीत चालली. पुतण्याने मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, दहा मिनिटे थांबून परत बसवला, आणि बायॉस आपल्या मूळ स्थितीला गेला. संगणक सुरू केला, तो दारातच बिटलॉकरचा पहारेकरी ४८ आकड्यांची किल्ली मागू लागला. कारण मूळ कारभाऱ्याची मांडणी पालटली की तिजोरी उघडू पाहणारा मालकच आहे की कोणी दुसरा, याविषयी त्या पहारेकऱ्याच्या मनात रास्त संशय उत्पन्न होतो. ती किल्ली लिहून ठेवलेला कागद शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. तो पंचांगात सापडला. वाचकांपैकी ज्यांना बायॉसला हात लावायचा असेल त्यांनी हा कागद आधी शोधावा, एवढे या निमित्ताने आगंतुकपणे सांगून ठेवतो.

त्यानंतर सलग दोन दिवस संगणक पडला नाही. पाने निघाली, मामांनी चहा मागितला, आणि माझ्या मते प्रकरण निकालात निघाले. पुतण्याच्या मते ते तेव्हा कुठे सुरू झाले होते.

"काही सिद्ध झालेले नाही," तो म्हणाला. "मूळ स्थितीत रॅम २१३३ ने धावते आहे. पाकिटावर ३२०० लिहिले आहे, आणि काकांनी दाम ३२०० चे मोजले आहेत. आपण आरोपीला अफू देऊन निजवले आहे. तो निर्दोष आहे असे म्हणता येत नाही, आणि दोषी आहे असेही नाही. उद्या हीच पट्टी हळूहळू आणखी बिघडली तर २१३३ लाही पडेल, आणि तेव्हा अंक छापायला गेलेला असेल."

"बाळ, त्रासन खात्यात चाती किती वेगाने फिरवायची याचा जो आकडा असतो तो चातीच्या अंगी नसतो, तो कापसाच्या अंगी असतो. मालकाला सूत अधिक हवे म्हणून वेग वाढवला की धागे तुटतात, सांधणाऱ्याचे हात पुरे पडत नाहीत, आणि हिशेबाअंती सूत कमीच निघते. वेग उतरवला, धागा तुटायचा थांबला, याहून अधिक पुरावा मला कोणी कधी मागितला नाही. पाकिटावरचा आकडा म्हणजे वचन आहे की पैज आहे, ते तू मला सांग."

प्रश्न मार्मिक होता, आणि पुतण्याने त्याला बगल दिली नाही. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते, तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते, आणि कुंडलीत दोन प्रकारचे आकडे असतात, असे त्याने सांगितले. पहिले सर्वमान्य मानकाचे, १.२ व्होल्टवर चालणारे. हे कोणत्याही मदरबोर्डवर चालावेत अशी अपेक्षा. दुसरे एक्सएमपीचे, जो प्रकार इंटेलने २००७ साली आणला: १.३५ व्होल्ट, ३२०० चा वेग; हे पट्टी करणाऱ्याने आपल्याकडे तपासून लिहिलेले. "पट्टीपुरते ते वचन आहे, आजोबा," तो म्हणाला. "पण रॅम चालवणारा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि त्याने कोणाला वचन दिलेले नाही. त्याच्या दृष्टीने ती पैज."

"मग मूळ स्थितीच खरी, हे तूच म्हणतोस."

"तेही नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे काय झाले ते ऐका. खेळ खेळताना पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई. लोक बिचारे ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागले, आणि कार्ड निरपराध होते. मग बोट मदरबोर्ड करणाऱ्यांकडे गेले, कारण वीज ओढण्याच्या मर्यादा त्यांनी मूळ स्थितीतच सैल करून ठेवल्या होत्या. ज्याने बायॉसला कधी स्पर्शही केला नाही त्याचाही प्रोसेसर मर्यादेबाहेर धावत होता. आणि जुलैमध्ये इंटेलने स्वतः कबूल केले की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोडच चुकीच्या हिशेबाने जादा व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर तोवर झिजले होते ते त्या दुरुस्तीने पूर्ववत होणारे नव्हते. इथे तर मूळ स्थितीनेच घात केला. म्हणून मूळ स्थिती म्हटले की मी आधी विचारतो, कोणाची?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. आपल्या मताला छेद देणारा पुरावा आपल्याच गाठोड्यात असला, तर तो काढून द्यावा की न द्यावा, या पेचात सज्जन माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते.

"आमच्या रिंगफ्रेमा ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या होत्या," शेवटी ते म्हणाले. "रुळांमधले अंतर किती ठेवावे ते तिकडून लिहून आलेले असे. पण ते लिहिणाऱ्यासमोर लांब धाग्याचा अमेरिकन कापूस होता, आणि आमच्याकडे यायचा तो आखूड तंतूचा देशी. रुळांमधले अंतर तंतूच्या लांबीवर बसवावे लागते. अंतर जास्त पडले तर तंतू मध्येच तरंगतात आणि सूत जाडबारीक निघते. ओल्डहॅमची मूळ स्थिती आम्ही पहिल्याच वर्षी सोडून दिली, असे आमचे जुने जॉबर सांगत." मग थोडे थांबून ते म्हणाले, "आणि निरनिराळ्या लांबीचा कापूस एका घाण्यात घातला, तर कोणतेच अंतर धड बसत नाही."

हे बोलता बोलता त्यांची नजर कॅबिनेटमधल्या चार पट्ट्यांवर गेली, आणि पुतण्याचीही. दोन जुन्या, दोन नव्या. वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटांतून आलेल्या. आकाराने समान, कुंडलीने असमान.

"एकत्र विकलेल्या जोडीची चाचणी एकत्र झालेली असते," पुतण्या म्हणाला. "या चौघी आयुष्यात प्रथम रविवारी भेटल्या." आणि त्याने भ्रमणध्वनीवर एक कोष्टक काढले. आमच्या संगणकात एएमडीचा रायझन, ३००० च्या मालिकेतला आहे. निर्मात्याच्या त्या कोष्टकात दोन पट्ट्यांना ३२०० ची मुभा आहे, पण पट्ट्या चार झाल्या की ती एकेरी बांधणीच्या पट्ट्यांना २९३३ वर आणि दुहेरी बांधणीच्या पट्ट्यांना २६६७ वर येते. चौघींचे ओझे एकाच नियंत्रकाने ओढायचे, म्हणून हा उतार. कोष्टक मामांनी चष्मा लावून दोनदा वाचले. "हे रविवारी पाहिले असतेस तर?" एवढेच ते म्हणाले, आणि पुतण्याच्या चेहऱ्यावरून पुढचे व्याख्यान अनावश्यक ठरले.

तरीही कोष्टक म्हणजे निकाल नव्हे, यावर या वेळी दोघांचे एकमत झाले, आणि तपासाची तजवीज ठरली. नवे ग्राफिक्स कार्ड काढून जुने बसवले, म्हणजे एक साक्षीदार पिंजऱ्याबाहेर गेला. बायॉसची जुनी आवृत्ती परत भरण्याचा मामांचा आग्रह होता. काही बोर्ड मागची आवृत्ती घेतच नाहीत, आणि घेतली तरी ती एक नवी जोखीम, म्हणून तो शेवटचा उपाय ठरला. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट घेतले. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेल्या या परीक्षकाचा गुण असा की तो विंडोज जागी होण्यापूर्वीच कामाला लागतो, रॅमच्या प्रत्येक कोनाड्यात ठराविक आकृती लिहितो, पुन्हा वाचतो, आणि जे लिहिले तेच हाती आले की नाही याची रुजुवात घालतो.

"पण चाचणी ३२०० वरच व्हायला हवी," पुतण्या म्हणाला. "दोष शोधायचा तर यंत्राला आराम देऊन चालत नाही, त्रास द्यावा लागतो. व्हॉल्व्हच्या काळातही हेच करत. अमेरिकेतल्या एमआयटीत व्हर्लविंड नावाचा संगणक होता. तिथे मुद्दाम व्होल्टेज वरखाली करून, आज चालणारा पण उद्या मरणारा व्हॉल्व्ह आजच हुडकून काढत."

इथे मी तोंड उघडले. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी १९६० साली उभा केलेला टिफ्रॅक, त्याचे सुमारे २७०० व्हॉल्व्ह, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते झालेले त्याचे नामकरण, यांविषयी मला पुष्कळ सांगायचे होते. दोघांनीही ते ऐकले नाही. मामांनी माझ्याकडून मुद्रितशोधनाची एक कोरी वही तेवढी घेतली.

पुढच्या चार रात्री त्या वहीत गेल्या. एकेक पट्टी, एकाच खाचेत, ३२०० वर: चारही निर्दोष. एकच पट्टी चारही खाचांत फिरवून: खाचाही निर्दोष. जुनी जोडी स्वतंत्र, नवी जोडी स्वतंत्र: निर्दोष. चौघी एकत्र, ३२०० वर: सातव्या मिनिटाला तांबड्या ओळी, आणि दर वेळी निराळ्या पत्त्यावर. बाहेर ताशे वाजत असताना ते दोघे पडद्यासमोर बसून होते, आणि तांबडी ओळ उमटली तेव्हा दोघांनाही जो आनंद झाला तो पाहून माझ्या पत्नीने मला स्वयंपाकघरात बोलावून, यात आनंदाचे काय, असे विचारले. मी तिला नीट सांगू शकलो नाही. पाच दिवस अदृश्य राहून माझी पाने गिळणारी एक गोष्ट आता हुकुमासरशी, सातव्या मिनिटाला, हजर होत होती.

चौघी २९३३ वर: पहिली फेरी स्वच्छ, दुसरीत, पहाटे, एकच चूक. एकट्या चुकीला माफी असावी का, यावर वाद झाला. या खेपेला माफीच्या विरुद्ध होता तो पुतण्या. "मेमटेस्टमध्ये एक म्हणजे पुष्कळ. काकांच्या पानात तो एक कोनाडा कुठे पडेल कोणास ठाऊक. निळा पडदा आला तर नशीब, नाहीतर न पडता एखादे अक्षर बदलून जाईल." चौघी २६६७ वर: रात्रभर स्वच्छ. दुसऱ्या रात्रीही स्वच्छ. त्यानंतर नवे ग्राफिक्स कार्ड परत बसवले, त्याच्या वीजपुरवठ्याच्या दोन्ही पिना एकाच वायरीवरून घेतल्या होत्या त्या दोन स्वतंत्र वायरींवरून घेतल्या, आणि तोही साक्षीदार सन्मानाने मोकळा झाला.

आता निर्णय उरला, आणि त्यात दोघांनी जागा बदलल्या.

"जुनी जोडी काढून टाका," पुतण्या म्हणाला. "नवी एकटी ३२०० वर निर्धोक चालते. बत्तीस जीबी काकांना पुरे आहे."

"चालत्या दोन पट्ट्या काढून टाकायच्या?" मामा उद्गारले. "अरे, २६६७ ला चौघी चालतात हे आपण दोन रात्री जागून पाहिले. अठ्ठेचाळीस जीबी आहे. वेग कमी ठेव, पण माणूस कमी करू नकोस."

"आजोबा, वेग उतरवायचा हट्ट तुमचा होता म्हणून..."

"वेगाविषयीचे माझे म्हणणे तेच आहे. मी कपातीविषयी बोलतो आहे."

मी माझ्या पानांचा विचार केला. दीडशे पाने, मध्ये मध्ये चित्रे. बत्तीस जीबी भरेल इतके त्यात काही नाही, हे मला माहीत होते, आणि हेही माहीत होते की मामांच्या त्या शेवटच्या वाक्याला रॅमच्या हिशेबाने उत्तर देता येण्यासारखे नाही. तरी घर माझे आणि अंक माझा. जुनी जोडी काढावी, असे मी म्हणालो.

मामांनी हरकत घेतली नाही. त्यांनी एक पाकीट मागून घेतले, दोन्ही पट्ट्या वृत्तपत्राऐवजी त्यांच्या मूळ चंदेरी पिशवीतच घालायला लावल्या, आणि पाकिटावर, गिरणीच्या भांडारात लिहीत त्या ठसठशीत अक्षरांत, तारीख घालून लिहिले: "नग २. चालू स्थितीत काढले. दोष नाही."